भरल्याशिवाय सुटत नाही

विट्याच्या बसस्थानकात आता गाड्या पुकारायला माणूस लागत नसे. यंत्रच पुकारायचं, यंत्रच फलाट ठरवायचं आणि गाडी जागची हलली की फलकावरून तिचं नाव आपोआप पुसलं जायचं. तरीही काचेच्या खोलीत एक वाहतूक नियंत्रक बसवलेला असे, कारण यंत्राला वडाप, म्हणजे खासगी प्रवासी गाड्या, दिसत नाहीत. फाटकाबाहेर चिंचेच्या सावलीत विजेवरच्या गाड्या लावून 'चला मिरज, मिरज, मिरज' असा गलका करणारे वडापवाले एसटीचे प्रवासी डोळ्यांदेखत पळवायचे. त्यांच्या गाड्यांना वेळ नव्हती. भरली की सुटायची. काचेच्या खोलीत बसणाऱ्या धनश्री निकमची सगळी नोकरी या लोकांशी भांडण्यात गेली होती. आणि त्यांच्यातला सगळ्यांत निगरगट्ट इसम म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ, विजय.

"विज्या, गाडी मागं घे. फाटकापासून लांब."

"ताई, घेतो की. एक शीट भरलं की निघालोच."

हे संवाद रोजचे होते. धनश्रीला खरा राग यायचा तो त्या बेभरवशेपणाचा. गाडी केव्हा सुटणार हे गाडीवाल्यालाच माहीत नाही, ही कसली रीत? तिच्या हाताखालून एकही गाडी कधी उशिरा सुटली नव्हती. डेपोत लोक तिच्या गाड्यांवर घड्याळ लावायचे.

घरीही तीच शिस्त होती, आणि तिथं ती चैन नव्हती. तिची मुलगी मैथिली अकरा वर्षांची होती. जन्मली तेव्हा तिच्या कण्याचा खालचा भाग नीट मिटलेला नव्हता. शस्त्रक्रियेनं पाठ बंद झाली, पाय वाचले, डावा थोडा ओढत चालायची एवढंच. पण मूत्राशयाला आपण भरलो आहोत हे कधी कळलं नाही आणि रिकामं कसं व्हायचं हेही कळलं नाही. म्हणून ठरावीक वेळानं बारीक नळी घालून लघवी काढायची. चुकलं तर ती उलटी वर चढून मूत्रपिंडं नासवते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि धनश्रीनं ते मनावर कोरून घेतलं होतं. आधी ती स्वतः करायची. आता मैथिली शाळेच्या स्वच्छतागृहात एकटी करायची, आणि त्या वेळी आईचा फोन हमखास यायचा.

"केलंस?"

"करतेय."

"हात धुतलेस?"

"आई, तू फोन ठेवलास तर धुईन ना."

गेल्या वर्षी मिरजेच्या रुग्णालयात मैथिलीवर नवा उपचार झाला. तिच्याच कातडीतल्या पेशी घेऊन, त्यांना गर्भातल्या पेशींसारखं कोवळं करून, पाठीच्या तळाशी पेरल्या होत्या. तिथून त्या वाट काढत मूत्राशयापर्यंत जाणार होत्या आणि जन्माच्या वेळी राहून गेलेलं मज्जातंतूंचं जाळं नव्यानं विणणार होत्या. वाटसरू पेशी, असंच त्यांना म्हणत. धनश्रीनं घरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत नळी सुटेल.

दिवाळी गेली. होळीही गेली. मैथिलीच्या पोटावर चिकटवलेली पट्टी, जी मूत्राशय किती भरलं हे फोनवर हिरव्या, पिवळ्या, तांबड्या टप्प्यांत दाखवायची, तीच ती रेघ रोज दाखवत राहिली. रेघ चढायची, नळी घातली की उतरायची. मुलीला काही जाणवायचं नाही. धनश्री रोज विचारायची, रोज 'नाही' ऐकायची आणि रोज कुणावर तरी चिडायची. चिडायला वडापवाले होतेच.

*

तपासणीच्या दिवशी डॉक्टर हुमेरा तांबोळींनी पडद्यावर चित्र लावलं. त्या मुलांच्या डॉक्टर होत्या आणि आधी मुलाशी बोलायची त्यांची पद्धत होती. आईला थोडं ताटकळावं लागायचं.

"मैथिली, हे काय ते ओळख."

"माझं मूत्राशय. फुग्यासारखं."

"आणि त्याच्या कडेला मोहरीसारख्या दिसतात त्या?"

"वाटसरूंच्या गाठी."

"बरोबर. आता नीट ऐक. पोटातल्या बाळाची पाठ मिटत असते तेव्हा तिच्या कडेवर काही पेशी असतात. त्या जन्मल्या जागी राहत नाहीत, निघतात. काही कण्याशेजारीच थांबतात, काही आतड्याकडे जातात आणि काही पार खाली, ओटीपोटात. तिथं मूत्राशय, गुदाशय, गर्भाशय यांच्याभोवती त्यांच्या अशा गाठी जमतात. मग पाठीच्या कण्यातून आलेले तंतू या गाठींना येऊन मिळतात आणि गाठींतून निघालेले तंतू अवयवांच्या भिंतीत शिरतात."

"कुठं जायचं ते त्यांना कोण सांगतं?"

"वाटेतल्या पेशी. त्या रसायनं सोडतात. इकडे ये, तिकडे नको."

"म्हणजे पाट्या असतात."

"पाट्याच. आता यांतले कंबरेच्या बाजूनं येणारे तंतू मूत्राशयाला सांगतात, थांब, भरू दे. त्याच्या खालून, बसायच्या हाडाच्या वर जे त्रिकोणी हाड असतं तिथून येणारे सांगतात, सोड. हे दोघंही आपल्याला विचारत नाहीत. हृदयाचे ठोके जसे न विचारता पडतात तसं त्यांचं काम चालतं. आणि तिसरे तंतू उलट दिशेनं जातात. मूत्राशय किती ताणलंय ही बातमी मेंदूकडे पोचवतात. ती बातमी आली की मग तू ठरवतेस, आता जाऊ की नंतर."

मैथिलीनं मान हलवली. "माझे सगळे पोचले?"

डॉक्टरांनी दुसरं चित्र लावलं. पहिल्या चित्रात भिंतीभर केसासारखी नाजूक जाळी होती. दुसऱ्यात ती विरळ झाली होती, जुन्या साडीच्या काठासारखी.

"पोचले होते. आता वाळायला लागले आहेत."

धनश्री पुढं सरकली. "वाळायला? का?"

"तेच मला कळत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "ताई, शरीर मज्जातंतू नेहमी गरजेपेक्षा जास्त पाठवतं. ज्या अवयवाकडे ते जातात तो त्यांना एक पोषक द्रव्य देतो. ज्याला मिळालं तो तगतो, ज्याला नाही मिळालं तो मरतो. मूत्राशयाची भिंत ते द्रव्य देते ती ताणली गेल्यावर. पट्टी पिवळी होऊन वाजते तोवर पुरेसा ताण पडलेला असतो. मग यांना खायला का मिळत नाही?"

"मॅडम, आमच्याकडून तर कसूर नाही," धनश्री म्हणाली. "पट्टी वाजायची आम्ही वाटच बघत नाही. मी तिचा गजर अलीकडे ओढून घेतलाय. हिरव्यातच काढतो आम्ही. वर्षभरात एकदासुद्धा पिवळी होऊ दिली नाही."

हे ती अभिमानानं बोलली होती. शेवटच्या शब्दापर्यंत तिचा आवाज ताठ होता. मग तिला डॉक्टरांचा चेहरा दिसला.

 मैथिली दोघींकडे आळीपाळीनं बघत होती.

"मी सांगितलं होतं, पिवळी झाली की काढा," डॉक्टर हळू म्हणाल्या.

"हो. म्हणून मी त्याच्या आत..." धनश्री थांबली. गाडी अमुक वाजता सुटते असं सांगितलं तर प्रवाशानं त्याच्या आधी येऊन उभं राहायचं असतं. ती तसंच जगली होती. तिथपर्यंत थांबायचं आहे, हा अर्थ तिच्या डोक्यात शिरलाच नव्हता.

"चूक माझीही आहे. मी कारण सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "आता गजर मूळ जागी न्या. पिवळ्यापर्यंत मूत्रपिंडांना काही धोका नाही, तो तांबड्यानंतर सुरू होतो. पावसाळा संपला की पुन्हा बघू. तोवर भिंत जागी झाली तर उरलेले तंतू तगतील."

"नाहीतर पुन्हा पेरता येतील ना?"

"नाही. एकदा गेलेल्या वाटेवर व्रण होतो. दुसऱ्यांदा त्यातून पेशी जात नाहीत."

परतीच्या गाडीत धनश्री खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. सासूनं, शेजारणींनी, शाळेतल्या बाईंनी ज्या गोष्टीसाठी तिचं तोंडभर कौतुक केलं होतं, त्याच गोष्टीनं मुलीचे तंतू उपाशी मारले होते. आणि तिला रागवायला कुणी मिळत नव्हतं.

*

गजर मूळ जागी नेणं हे बोटाचं काम होतं. त्याच्यापुढचं बोटाचं नव्हतं. मूत्राशय भरताना बघत बसायचं आणि काही करायचं नाही, हे धनश्रीला जमेना. रेघ चढायला लागली की ती उठायची, बसायची, भांडी पुन्हा घासायची.

"काही वाटतंय?"

"नाही."

थोड्या वेळानं: "आता?"

"आई, मी गणितं सोडवतेय."

"मग काय झालं, गणितं सोडवताना कळत नाही का?"

मैथिलीनं पेन्सिल खाली ठेवली. "तू माझ्याकडे बघतच नाहीस. माझ्या पोटाकडे बघतेस."

धनश्री तिच्यावर ओरडली. मैथिली वही घेऊन गॅलरीत गेली. मुलीचे बाबा जतजवळ पवनचक्क्यांवर कामाला होते, रविवारी घरी यायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू जरा बाहेर जात जा." तिनं त्यांच्याशीही अबोला धरला.

एकदा विजय चहाला आला. मैथिलीनं त्याला डॉक्टरांची चित्रं फोनवर दाखवून सगळं समजावून सांगितलं. वाटसरू, पाट्या, थांब म्हणणारे, सोड म्हणणारे. तो बशीतला चहा फुंकत ऐकत होता.

"म्हंजे असं की," तो म्हणाला, "भरल्याबिगर सुटायचं न्हाई?"

मैथिली आधी थबकली आणि मग तिला हसू आवरेना. "मामा, मी वडाप आहे."

"मग काय तर. आन् ही बया अकरा वर्सं तुला यष्टीवानी पळवतीया. मोकळी गाडी, पर टायमात."

"चहा पी आणि ऊठ," धनश्री म्हणाली.

"ताई, गंमत केली गं."

"तुझ्या गाड्यांची गंमत तुझ्यापाशी. पोरीची किडनी गेली तर तू देणार आहेस?"

विजयचा चेहरा उतरला. कप तिथंच ठेवून तो गेला. मैथिली हसायची थांबली होती. त्या घरात त्या उन्हाळ्यात कुणी हसलं की धनश्रीच ते बंद करायची. तिला ते कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

*

शाळा सुटली की मैथिली बसस्थानकात येऊन थांबायची. आईची पाळी संपली की दोघी मिळून घरी जायच्या. जुलैमधल्या एका दुपारी धनश्री काचेमागून एका चालकाशी हुज्जत घालत होती. तेवढ्यात तिला दिसलं की खानापूरच्या फलाटावर मैत्रिणींच्या घोळक्यात मैथिली एकदम ताठ उभी राहिली आहे. मग घोळका मागं सरकला. मैथिलीच्या पायांखालची फरशी ओली होत गेली.

धनश्री धावली. अंगावरची ओढणी मुलीच्या कमरेला गुंडाळून तिनं तिला खोलीत आणलं आणि दार लावलं. अकरा वर्षं ती याच एका दृश्याला घाबरून जगली होती.

"पट्टी वाजली की जायचं. किती वेळा सांगितलं? गप्पा मारत उभी राहिलीस ना?"

"वाजलीच नाही."

"खोटं बोलू नकोस."

"नाही वाजली, आई. बघ तूच."

धनश्रीनं फोन उघडला. रेघ पिवळ्याच्या खाली होती. तिथून ती एकदम कड्यावरून उडी मारावी तशी सरळ खाली आली होती.

तिनं रेघेकडे पाहिलं. मग हातातल्या स्कर्टकडे. मुलगी लहान असताना तिनं तिचे ओले कपडे वर्षानुवर्षं धुतले होते. गळणं तिला पाठ होतं. भांडं काठोकाठ भरलं की थेंब थेंब सांडतं, तसं असायचं ते, आणि तेही मूत्राशय पार तुंबल्यावर. हे गळलं नव्हतं. मूत्राशयानं स्वतःला आवळून सगळं एका दमात बाहेर टाकलं होतं. कुणीतरी आत 'सोड' म्हणालं होतं आणि त्यानं ऐकलं होतं.

धनश्री खुर्चीत बसली. ओला स्कर्ट मांडीवर धरून ती हसू लागली. हसता हसता तिनं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी रेघ मागवली, पाहिली, आणि दोनदा विचारलं, "खरंच पट्टी वाजली नव्हती?" मग त्या म्हणाल्या, "ताई, खालचे, सोड म्हणणारे, आले. आता थांबवणारे आणि बातमी नेणारे यायला हवेत. भरू देत राहा."

फोन ठेवून धनश्रीनं मुलीकडे पाहिलं. मैथिली ओढणीत गुरफटून कोपऱ्यात उभी होती. 

"श्रेयानं बघितलं. सगळ्यांनी बघितलं. आणि तू हसतेस."

"अगं, हे चांगलं झालं..."

"तुला चांगलं झालं." मैथिली रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. "मला ते पहिल्यासारखं पाहिजे. वेळ झाली की नळी. तेव्हा मी कधीच ओली होत नव्हते. मला नको तुमचे वाटसरू."

ती पुढं आठवडाभर शाळेत गेली नाही. आणि धनश्रीवर असा प्रसंग आला की ज्या धीराचा तिच्यात पत्ता नव्हता तो तिला मुलीला शिकवावा लागला. ती सांगायची, भरू दे. मैथिली न सांगता जाऊन नळी घालून यायची आणि आईसमोर रिकाम्या रेघेचा फोन आपटायची. धनश्री दात आवळून गप्प बसायची. जे ती वर्षभर करत होती तेच मुलगी आता करत होती. कोणत्या तोंडानं बोलणार?

शेवटी एका सकाळी ती म्हणाली, "मी तुझ्या फोनवर बघणार नाही आजपासून. विचारणार पण नाही. पट्टी तुझी, पोट तुझं. पिवळ्यापर्यंत थांबायचं की नाही, तू बघ." तिनं स्वतःच्या फोनवरून ती रेघ काढून टाकली.  मैथिलीनं ते पाहिलं आणि दप्तर उचललं. दप्तरात तिनं एक जादा स्कर्ट घातला होता.

मग पाऊस होता, शाळा होती, ओले स्कर्ट होते. दोरीवर किती वाळत पडायचे ते धनश्री बघायची आणि मान फिरवायची. विचारायची नाही. विचारायचं नाही हे ठरवायला तिला रोज सकाळी नव्यानं जोर लावावा लागायचा.

*

पावसाळा संपल्यावरच्या तपासणीच्या दिवशी मिरजेची गाडी फलाटावर लागली होती. धनश्री रजेवर होती, साधी प्रवासी म्हणून खिडकीशी बसलेली. मैथिली शेजारी. घरून निघताना मुलीनं विचारलं होतं, "नळी घालून घेऊ का आधी? गाडीत झाली तर?" आणि 'घे' हा शब्द धनश्रीच्या जिभेवर आला होता. पट्टी हिरवीच होती. कुणीही शहाणी बाई 'घे' म्हणाली असती. ती म्हणाली होती, "तू ठरव." मैथिलीनं घेतली नव्हती.

गाडीचं यंत्र घरघरलं. दार मिटायला लागलं.

"आई."

"काय गं?"

"काहीतरी होतंय." मैथिलीनं बेंबीच्या खाली हात ठेवला. "इथं. दुखत नाहीये. जड पण नाहीये. कुणीतरी आतून सारखं बोलावतंय असं." तिचा चेहरा गोंधळलेला होता. "मला बरं नाहीये का?"

धनश्रीला क्षणभर कळलंच नाही. मग उमगलं, की हिला हे काय ते माहीत नाही. जगातल्या प्रत्येक मुलाला रांगायच्या वयापासून माहीत असलेली गोष्ट हिनं कधी अनुभवलीच नाही. त्यामुळे तिला तिचं नाव ठाऊक नाही.

"याला लागणं म्हणतात," ती म्हणाली. "तुला शू लागलीय, मैथू."

मैथिली तिच्याकडे बघत राहिली. "असं असतं?"

"असंच असतं. धरून ठेवता येतंय?"

मैथिलीनं आत कुठंतरी कान लावल्यासारखं केलं. "येतंय. थोडं."

धनश्री उठली. "मास्तर, दार उघडा. गाडी थांबवा."

कंडक्टर तिला ओळखत होता. त्याला वाटलं, ती चेष्टा करते आहे. "मॅडम, वेळ झाली. तुमच्याच स्टँडात?"

"थांबवा म्हणते ना."

मैथिली उतरली आणि डावा पाय ओढत, पण अजिबात न धावता, स्वच्छतागृहाकडे गेली. धनश्री मागोमाग गेली आणि दाराशी थांबली. आतून काहीच आवाज येईना. गाडीतले लोक कुरकुरू लागले. एकानं विचारलं, "काय भानगड आहे?" दुसरा म्हणाला, "एसटीचं हे असंच." मग दोघं उतरले, त्यांच्यामागं एक बाई दोन पिशव्या घेऊन उतरली आणि तिघंही सरळ फाटकाकडे चालू लागले. चिंचेखाली विजय उभा होता. "मिरज, मिरज, या की, एकच शीट राहिलंय," तो ओरडला, आणि ओरडता ओरडता त्यानं बहिणीकडे पाहिलं. ती त्याच्यावर धावून गेली नाही. त्याला ते इतकं नवल वाटलं की तो पुढचं ओरडायचं विसरला.

धनश्रीचा हात दारावर टकटक करायला वर गेला. 'झालं का? घाई कर. नाही होत तर नळी आहे पिशवीत.' सगळे शब्द घशाशी तयार होते. तिनं हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

कंडक्टर हातातलं यंत्र घेऊन आला. त्याच्या पडद्यावर तांबडी चौकट लुकलुकत होती. गाडी वेळेवर सुटली नाही तर ते कारण मागतं, आणि दिल्याशिवाय गप्प बसत नाही.

"मॅडम, कारण काय टाकू? टायर, चालक, रस्ता... यातलं काहीच बसत नाही."

आत, दाराच्या पलीकडे, पाणी पडल्याचा आवाज सुरू झाला. आधी अडखळत. थांबला.  मग पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी थांबला नाही.

"प्रवासी वाटेत आहे, असं टाका," ती म्हणाली.